निरीक्षणात्मक अध्ययन

दुसऱ्याचे वागणे आणि त्याला त्याचे मिळणारे फळ पाहून, स्वतः करून न बघताच, वर्तन आत्मसात करण्याची प्रक्रिया. अनुकरण हा तिचा केवळ दृश्य भाग होय.

पूर्वेतिहास : फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द यांनी १८९० मध्ये अनुकरणाची समाजशास्त्रीय मीमांसा केली. नील मिलर व जॉन डोलार्ड (१९४१) यांच्या मते अनुकरण टिकण्यासाठी शिकणाऱ्याने ते वर्तन स्वतः करून त्याचे बक्षीस मिळवावे लागते. ही अट अल्बर्ट बंडुरा (१९२५–२०२१) यांच्या प्रयोगांपुढे टिकली नाही.

बोबो बाहुलीचे प्रयोग : बंडुरा, डोरोथिआ रॉस व शीला रॉस यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ३६ मुलगे व ३६ मुली निवडल्या, वये सुमारे तीन ते पावणेसहा वर्षे. एका गटासमोर प्रौढ व्यक्तीने हवा भरलेल्या बाहुलीला मोगरीने हाणले, नाकावर ठोसे दिले, खोलीभर लाथाडले आणि तोंडाने ठराविक उद्गारही काढले. दुसऱ्या गटासमोरची व्यक्ती शांतपणे दुसऱ्याच खेळण्यांत रमली. तिसऱ्या गटाला काहीच दाखवले नाही. नंतर प्रत्येक मुलाला आकर्षक खेळणी देऊन थोड्याच वेळात काढून घेतली, आणि हिरमुसलेल्या त्या मुलाला बोबो असलेल्या खोलीत नेले. एकतर्फी आरशाआडून २० मिनिटे, दर पाच सेकंदांनी नोंद घेण्यात आली. पहिल्या गटातील अनेक मुलांनी तेच प्रहार, तेच उद्गार जसेच्या तसे उचलले होते. शारीरिक आक्रमकता मुलग्यांत अधिक आढळली.

सैद्धांतिक दृष्ट्या १९६५ चा प्रयोग याहून मोलाचा आहे, जरी पाठ्यपुस्तके त्याला क्वचितच न्याय देतात. चित्रफितीत मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी इतर गटांपेक्षा आपणहून कमी अनुकरण केले. मात्र ‘त्याने काय केले ते करून दाखव’ असे म्हणून चिकटचित्रे व फळांचा रस देऊ करताच गटांमधील तफावत नाहीशी झाली. शिक्षेने वर्तन दबले होते. शिकणे झालेलेच होते.

घटक : अवधान, धारणा, पुनर्निर्मिती, प्रेरणा (बंडुरा, १९७७).

आक्षेप : बोबो मुळात मारण्यासाठीच बनवलेली असते, त्यामुळे हे निष्कर्ष माणसांमधील हिंसेला कितपत लागू पडतात याविषयी मतभेद आहेत. नवजात अर्भके जीभ बाहेर काढण्याचे अनुकरण करतात, हा मेल्टझॉफ व मूर यांचा दावा (१९७७) २०१६ मधील एका विस्तृत अभ्यासानंतर वादग्रस्त ठरला आहे.

उपयोजन : बंडुरा यांच्या तत्त्वांवर मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी साक्षरता व कुटुंबनियोजनाच्या प्रसारासाठी दूरचित्रवाणी मालिका रचल्या. त्याच धर्तीवर दूरदर्शनने हम लोग (१९८४–८५) ही मालिका आणली. तिचे लेखन मनोहर श्याम जोशी यांचे असून प्रत्येक भागाअखेर अभिनेते अशोक कुमार प्रेक्षकांशी बोलत.