सोंग आणि ढोंग

"झोपेचं सोंग घेऊ नकोस!" हे ऐकतच आपण सगळे मोठे झालो. पण आमच्या भोर-वेल्ह्याकडे जत्रेत भारूड असलं की तोच शब्द वेगळ्या सुरात येतो: "आज सोंग कुणाचं?" घरात जी लबाडी, ती पारावर करमणूक. हे कसं काय?

हिंदीतला 'स्वांग' हा 'सोंग'चा भाऊ. त्याची फोड बऱ्याचदा 'स्व + अंग' अशी सांगतात. म्हणजे वेषांतराच्या शब्दातच स्वतःचं अंग आहे. मला ही फोड पटते, कारण खेळही तेच सांगतो. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी यांना भारुडात आणलं. आजही सोंगी भारुडात लुगडं नेसून बाप्या उभा राहतो, तेव्हा आत कोण आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात तर देव-दानवांचे मुखवटे चढतात, पण मुखवट्यामागचा माणूस गावातलाच.

इथेच सोंग आणि ढोंग वेगळे होतात. सोंगात बघणारा सामील असतो. ढोंगात तो फसवला जातो.

'मस्करी' हा शब्द बघा. तो अरबी 'मस्खरा'वरून, म्हणजे विदूषकावरून आला. युरोपातला 'मास्क'ही तिथूनच निघाला, असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर तिकडेही मुखवट्याचं नातं फसवणुकीपेक्षा हसण्याशी जास्त आहे.

तमाशातला सोंगाड्या हेच करतो. वगात राजासमोर उभा राहून तो असे वाकडे प्रश्न विचारतो, जे एरवी कुणी विचारू धजणार नाही. सोंग त्याला ती मोकळीक देतं. १९७१ साली 'सोंगाड्या' याच नावाचा सिनेमा आला आणि दादा कोंडके घराघरांत पोचले. नायगावच्या चाळीत, गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या दादांचं मूळ गाव आमच्या भोरजवळचं इंगवली. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या कुटुंबांना एक म्हण नीट कळत असणार: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही.

म्हणून एखाद्याला "सोंगं करतो" म्हणून हिणवताना मी आता थबकते. खोटेपणासाठी आपल्याकडे 'ढोंग' आहेच. 'सोंग' त्या माणसांसाठी राहू द्या, जी चेहरा रंगवतात आणि सगळ्यांसमोर खरं बोलतात.