हवेची वाट अडवणारी पट्टी

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या विंड टनेलमध्ये 1970च्या दशकाच्या मध्यावर लोटस कंपनीच्या शर्यतीच्या गाडीची एक छोटी प्रतिकृती तपासली जात होती. खऱ्या गाडीच्या चौथाई आकाराची. तिच्याखाली रस्त्यासारखा सरकता पट्टा होता आणि समोरून वारा. पीटर राइट आणि त्याचे सहकारी आकडे टिपत होते, पण आकडे जुळत नव्हते. वेग तोच, बाकी सगळे तेच, तरी गाडीवरचा खालच्या दिशेचा दाब दर वेळी वेगळा. बारकाईने पाहिल्यावर कारण दिसले. प्रतिकृतीच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या वाऱ्याच्या जोराने खाली झुकत होत्या, आणि त्यांच्या कडा जमिनीच्या जवळ गेल्या की दाब वाढत होता. मग त्यांनी त्या कडांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवल्या, खाली अगदी थोडी फट राखून. दाब एकदम कितीतरी वर गेला.

आज जुन्या स्पोर्ट्स कारच्या दाराखाली, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे जी लांब फायबरग्लासची पट्टी बसवतात, जिला सगळे साइड स्कर्ट म्हणतात, तिची कुळकथा या पुठ्ठ्याशी येऊन थांबते. थोडे मागेही जाते, पण तिचा अर्थ इथे कळतो.

त्या पेट्यांचा तळ विमानाचा पंख उलटा करून ठेवावा तसा वळणदार होता. गाडीखालून जाणारी हवा जिथे जागा अरुंद होते तिथे जोरात धावते, आणि वेग वाढला की तिचा दाब उतरतो. वरची हवा नेहमीच्या दाबाची, खालची कमी दाबाची, म्हणून गाडी रस्त्याला चिकटते आणि वळणावर घसरत नाही. अडचण एकच. कमी दाबाची जागा दिसली की बाजूची हवा आत घुसते आणि सगळा फायदा पुसून टाकते. तिला अडवायला भिंत हवी. पुठ्ठ्याची पट्टी ही ती भिंत होती.

भिंतीची कल्पना अमेरिकेत आधीच वापरून झाली होती. टेक्सासमधल्या मिडलंडच्या जिम हॉलने 1970 साली कॅनडा-अमेरिकेतल्या कॅन-अॅम शर्यतींसाठी चॅपरल 2जे ही गाडी आणली. तिच्या मागे दोन पंखे होते आणि ते फिरवायला बर्फावर चालणाऱ्या गाडीचे वेगळे इंजिन. पंखे गाडीखालची हवा ओढून बाहेर फेकत, आणि कडेने हवा आत येऊ नये म्हणून भोवती लेक्सान या कणखर प्लास्टिकचे पडदे लावलेले. हे पडदे तारांनी सस्पेन्शनला जोडले होते, त्यामुळे गाडी वरखाली झाली तरी ते जमिनीपासून जवळपास तेवढ्याच अंतरावर राहत. गाडी वारंवार बिघडली, पण विक एल्फर्डने तिच्यात बसून शर्यतीआधीच्या फेऱ्यांत सगळ्यांना मागे टाकले. वर्ष संपताच तिच्यावर बंदी आली. मला हॉलचे मोठेपण पंख्यांपेक्षा त्या तारांमध्ये दिसते. पट्टीची खालची कड आणि जमीन यांतले अंतर कायम राखणे हाच खरा प्रश्न आहे, हे त्याने सर्वांआधी ओळखले होते.

राइटकडे परत येतो, कारण त्याच्या आयुष्यात या गोष्टीचे दोन धागे एकत्र येतात. लोटसकडे येण्याआधी तो इंग्लंडमधल्या हंटिंग्डनच्या स्पेशलाइज्ड मोल्डिंग्ज या कारखान्यात होता, आणि हा कारखाना शर्यतीच्या गाड्यांची फायबरग्लासची अंगे बनवत असे. 1970च्या मार्च 701 या गाडीच्या बाजूच्या इंधनटाक्यांना उलट्या पंखाचा आकार त्यानेच दिला होता. तेव्हा टाक्यांच्या कडा उघड्या होत्या, त्यामुळे फार काही साधले नाही. पण हवेचा विचार करणारा माणूस आणि काचेच्या धाग्याला हवा तो आकार देणारा कारखाना एका छपराखाली होते, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

लोटसचा मालक कॉलिन चॅपमन याने ही कल्पना उचलून धरली. 1977 सालच्या लोटस 78ला आधी ब्रशच्या दाट केसांच्या पट्ट्या लावल्या. केसांतून हवा झिरपायची, म्हणून पुढे प्लास्टिकच्या आल्या. 1978च्या लोटस 79मध्ये पट्टी खोबणीत वरखाली सरकणारी झाली. स्प्रिंग तिला खाली ढकले आणि तिची घासणारी कड झिजू नये म्हणून तिला कठीण सिरॅमिकचा तुकडा बसवलेला असे. मारिओ आंद्रेत्तीने त्या वर्षीचे फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद याच गाड्यांवर मिळवले. त्याच वर्षी जूनमध्ये स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पला ब्राबहॅमच्या पंखेवाल्या गाडीतून निकी लाउडाने शर्यत जिंकून दाखवली. तिलाही पट्ट्या होत्याच. पंखा असो वा उलटा पंख, भिंतीशिवाय कोणाचेच चालत नव्हते.

भिंतीचा धोकाही तितकाच खरा होता. खडा किंवा रस्त्याचा उंचवटा लागून पट्टी वरच अडकली, तर गाडीला धरून ठेवणारा दाब वळणाच्या ऐन मध्यात नाहीसा होई, आणि चालकाला सावरायला वेळच मिळत नसे. 1981पासून सरकत्या पट्ट्यांवर बंदी आली आणि गाडी जमिनीपासून 6 सेंटिमीटर वर असलीच पाहिजे असा नियम झाला. ब्राबहॅमच्या गॉर्डन मरेने यावरही तोड काढली. त्याची गाडी वेगात खाली बसे आणि जिथे मोजमाप होई तिथे पुन्हा वर येई. 1983 साली सपाट तळाची सक्ती झाली आणि हा अध्याय संपला.

हे झाले पट्टीचे घराणे. तिचे आजोळ, म्हणजे ती ज्याची बनते त्या फायबरग्लासची गोष्ट, मात्र पाण्याकाठची आहे. 1932 साली अमेरिकेतल्या ओवेन्स-इलिनॉय या काचेच्या कंपनीत डेल क्लाइस्ट हा तरुण काचेचे ठोकळे एकमेकांना जोडायच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेवर हवेचा झोत बसला आणि काचेचे बारीक धागे झाले. गेम्स स्लेटरने त्यातून उत्पादनाची पद्धत उभी केली, आणि 1938मध्ये ओवेन्स-कॉर्निंग कंपनी निघाली. पॉलिएस्टर रेझिन आल्यावर धाग्याला साथीदार मिळाला. धागा ताण सोसतो, रेझिन त्याला आकारात धरून ठेवते. महायुद्धानंतर हे तंत्र सर्वांत आधी मनापासून आपलेसे केले ते होड्या बांधणाऱ्यांनी. कॅलिफोर्नियात बिल ट्रिटच्या ग्लासपार कंपनीने होड्यांच्या जोडीला 1951मध्ये गाडीचे अंग काढले. 1953च्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या पहिल्या 300 गाड्या फ्लिंटमध्ये जवळपास हातानेच जोडल्या गेल्या आणि त्यांचे अंग फायबरग्लासचे होते. चॅपमनच्या 1957च्या लोटस एलीटमध्ये तर वेगळी चासीच नव्हती, सगळा भार फायबरग्लासच्या अंगावर.

रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या बांधताना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही रीत समजावून सांगायला नको. साचा, त्यावर मेण, मग जेलकोट हा वरचा गुळगुळीत थर, मग काचेच्या धाग्यांच्या मॅटचे तुकडे, रेझिनमध्ये हार्डनर, ब्रश आणि हवेचे बुडबुडे दाबून काढणारा रोलर. नाकात बसणारा तो स्टायरिनचा वासही तोच. 1990च्या दशकाच्या अखेरीस आलेली सॅन स्टॉर्म ही छोटी दोन आसनी गाडी गोव्यात बनली, तिचे अंगही फायबरग्लासचेच होते. थोड्या गाड्या काढायच्या असतील तर पत्रा दाबायचे महागडे डाय परवडत नाहीत. लाकडावर किंवा मातीत आकार घडवून त्यावरून साचा घ्यायचा, एवढे मात्र लहान कारखान्याला जमते. साइड स्कर्ट फायबरग्लासचाच का झाला याचे कारण हे, वजन नंतर.

शर्यतीतून रस्त्यावर पट्टी दोन वाटांनी आली. एक वाट पोर्शची. ग्रुप 5 या शर्यतगटाच्या 1976च्या नियमांत दार, छप्पर, बॉनेट मूळ गाडीसारखे ठेवून मडगार्ड हवे तसे फुगवता येत. पोर्श 935चे टायर फार रुंद, मग मडगार्डही तसेच. पुढचे मडगार्ड बाहेर आले, मागचे त्याहून बाहेर आले, आणि मधे दाराखाली खोलगट जागा उरली. ती भरून पुढचे आणि मागचे अंग एका रेषेत आणणारा तुकडा लागला. दुसरी वाट लोटसची. 1980च्या एस्प्रिट टर्बोला इटालियन आरेखक जुजारोने पुढे-मागे नवे तुकडे आणि दाराखाली पट्टी दिली. आंद्रेत्तीच्या विजयानंतर दोनच वर्षांत, त्याच कंपनीने, फायबरग्लासच्या अंगावर बसवलेली ही पट्टी. मला ती सर्वांत देखणी वाटते, कारण तिथे पट्टी आणि अंग एकाच द्रव्याचे आहेत. पुढे जर्मनीतल्या आणि इतर ठिकाणच्या सजावटकारांनी प्रत्येक गाडीसाठी किट काढली आणि 1980च्या दशकाला त्यांचा चेहरा दिला.

रस्त्यावरच्या गाडीची पट्टी जमिनीपासून बरीच वर असते. गतिरोधक आहेत, खड्डे आहेत. तिथून बाजूची हवा सुखाने आत जाते. शर्यतीतला तो ओढा अशा पट्टीने मिळत नाही, आणि विकणाऱ्याने तसे सांगितले तरी विश्वास ठेवू नये. पण म्हणून ती खोटी ठरत नाही. तिचे काम बदलले. शर्यतीत सगळे कौशल्य पट्टीच्या खालच्या कडेला लागे, रस्त्यावरच्या गाडीत ते वरच्या कडेला लागते, जिथे ती गाडीच्या अंगाला भेटते. तिथली फट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी राहिली तरच पट्टी गाडीची वाटते, नाहीतर वरून डकवलेली.

ही फट सारखी राखणे सोपे नाही, आणि अडचण पट्टीच्या जन्मातच आहे. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसते. साच्यातून तुकडा घाईने काढला तर तो नंतर वाकतो. मूळ तुकड्यावरून घेतलेल्या साच्यातली पट्टी मुळापेक्षा किंचित लहान निघते, तिच्यावरून पुन्हा साचा घेतला तर आणखी लहान. दीड-पावणेदोन मीटर लांबीत काही मिलिमीटरची तफावत सहज पडते. डावी आणि उजवी वेगवेगळ्या साच्यांतल्या, त्याही सारख्या असतीलच असे नाही. म्हणून जाणता कारागीर पट्टी आली की आधी काही दिवस उन्हात ठेवतो, रेझिनला जे आकसायचे ते रंगाआधीच आकसू देतो. मग ती कोरडीच गाडीला लावून पाहतो. मास्किंग टेप, क्लॅम्प, खालून जॅक. जिथे टेकते तिथे घासतो, पुन्हा लावतो, पुन्हा घासतो. जिथे कमी पडते तिथे मागून मॅट आणि रेझिन चढवून वाढवतो. पुट्टीने फट बुजवणारे पुष्कळ आहेत, पण जाड पुट्टी वर्षभरात तडकते. घासताना तोंडावर चांगला मास्क हवा, काचेची धूळ छातीत जाऊ देण्याची वस्तू नाही.

भोक पाडतानाही तिचा स्वभाव सांभाळावा लागतो. जेलकोट कडक आणि ठिसूळ असतो. ड्रिल जोरात दाबले तर भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात आणि रंगाखालूनही वर येतात. म्हणून आधी टेप लावायची, ड्रिल थोडे उलटे फिरवून जेलकोट खरवडायचा, मग सुलटे. गाडी पत्र्याची असेल तर भोक स्क्रूपेक्षा थोडे मोठे किंवा लांबट ठेवायचे आणि मागे रुंद वॉशर घालायचा. उन्हात फायबरग्लास पत्र्यापेक्षा जास्त फुगते. थंड सकाळ आणि तापलेली दुपार यांत एवढ्या लांबीला दोघांत मिलिमीटरभराचा फरक पडतो. स्क्रू घट्ट आवळून जागा दिली नाही, तर पट्टी ती जागा स्वतःला चीर पाडून घेते. लोटससारख्या फायबरग्लासच्याच अंगावर हा प्रश्न येत नाही. चिकटवायचे असेल तर साच्यातल्या मेणाचा अंश आधी सॉल्व्हंटने पुसावा आणि मगच पृष्ठभाग खरबरीत करावा. उलट क्रम केला तर मेण ओरखड्यांत जाऊन बसते आणि चिकटद्रव्य काही धरत नाही.

चिकटवावे की स्क्रूने बसवावे, यावर कारागिरांत मतभेद आहेत. चिकटवलेली पट्टी वरच्या कडेला स्वच्छ दिसते आणि अंगावर भोके पडत नाहीत, हे खरे. पण जुन्या पत्र्याच्या गाडीत दाराखालचा तो पोकळ भाग, सिल, नुसता शोभेचा नसतो. चासी वेगळी नसेल तर गाडीची ताकद त्याच्यातच असते. तिथले पाणी निघून जायला खाली छोटी छिद्रे ठेवलेली असतात. पट्टीने ती बुजली की पाणी आतच राहते, गंज आतून सुरू होतो आणि वरून रंगवलेली पट्टी चकाकत असते. अनेक जुन्या गाड्यांच्या सिलची अशी चाळण पट्टी काढल्यावरच उघडकीस आली आहे. माझे मत स्क्रूच्या बाजूचे आहे. पट्टी बसवण्याआधी सिल ठोकून पाहावे, गंज कापून नवा पत्रा वेल्ड करावा, प्रत्येक भोकाच्या कडेला प्रायमर लावावा, आत मेणाचा फवारा मारावा. पाण्याची छिद्रे आणि जॅक लावायची जागा उघडी ठेवावी. वरच्या कडेखाली रबराची बारीक पट्टी घालावी, म्हणजे रंग घासला जात नाही. खालच्या कडेचे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी ते काढून, पट्टी उतरवून, सिलवर हात फिरवून पाहावा.