त्रिनिदादमधील चार दिवस आणि पावणेदोनशे वर्षे

कॅरिबियन समुद्रातील बेटे म्हटली की पांढरी वाळू, निळे पाणी आणि नारळीच्या सावलीतील आरामखुर्ची एवढेच चित्र बहुधा डोळ्यांपुढे येते. त्रिनिदाद या चित्रात पुरतेपणी बसत नाही. दक्षिण अमेरिकेच्या खांद्याशी टेकलेले हे बेट प्रथम ऊस व कोको आणि पुढे खनिज तेल व वायू यांवर जगले. त्रिनिदाद व टोबॅगो या देशाच्या २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाच्या लोकांचे प्रमाण सुमारे ३५ टक्के, म्हणजे इतर कोणत्याही वंशगटाहून अधिक भरले. न्यू जर्सीस मुलाकडे गेलो असता आम्ही उभयतांनी चार दिवसांची सुटी या बेटावर घालविली. पाहिलेली स्थळे भेटीच्या क्रमाने न मांडता इतिहासाच्या क्रमाने मांडीत आहोत; कारण पिढ्यान्‌पिढ्या मूळ मुलखाबाहेर राहिलेल्या आपणा मंडळींस त्या इतिहासाशी काही नाते जाणवेल असे आम्हांस वाटते.

राजधानी पोर्ट ऑफ स्पेन येथे क्वीन्स पार्क सव्हाना नावाचे विस्तीर्ण मैदान आहे. त्याच्या पश्चिम कडेला विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेल्या सात भव्य वास्तू ओळीने दिसतात. कोणी फ्रेंच धाटणीची, कोणी स्कॉटिश किल्ल्यासारखी. या सरमिसळीचे कारण इतिहासात आहे. कोलंबसाने १४९८ मध्ये, आपल्या तिसऱ्या सफरीत, हे बेट पाहिले व त्यास नाव दिले. स्पेनने पुढे १७८३ च्या फर्मानाने फ्रेंच कॅथलिक मळेवाल्यांना येथे जमिनी देऊ केल्या, आणि १७९७ मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेले. मळे उभे राहिले ते आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये उमेदवारीच्या नावाखाली चाललेली सक्तीही संपली. मुक्त झालेल्या माणसांनी मळ्यांकडे पाठ फिरविली. ऊस मात्र शेतात उभा होता, आणि तो तोडावयास स्वस्त हात हवे होते.

हे हात हिंदुस्थानातून आणले गेले. कलकत्त्याहून निघालेले ‘फतेह अल् रझाक’ हे जहाज १०३ दिवसांच्या प्रवासानंतर ३० मे १८४५ रोजी पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात पोहोचले. त्यावर सव्वादोनशे मजूर होते. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगावयाचे तर, महाराजपूर आणि पन्यारच्या लढायांत ग्वाल्हेरच्या फौजेचा पाडाव होऊन तेव्हा दीड वर्ष होत आले होते. तेथून १९१७ पर्यंत १,४०,००० हून अधिक माणसे या बेटावर उतरली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश व बिहार या भागांतील आणि काही मद्रासकडील होती. १८६६ पासून त्यांना प्रथम नेल्सन आयलंड नावाच्या लहानशा खडकाळ बेटावर उतरवीत, प्रकृती तपासीत आणि मग मळ्यांवर वाटून देत. या बेटावरील जुन्या इमारती जतन केल्या आहेत. भोवतीचा समुद्र इतका शांत आणि सुंदर की तेथे उतरलेल्यांच्या मनाची कल्पना करण्यास थोडा वेळ जावा लागतो.

आमची उभी हयात महसूल खात्याच्या कागदांत गेली, म्हणून या मजुरांच्या ‘एमिग्रेशन पास’ने आमचे लक्ष विशेष वेधले. जहाजाचे नाव, मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरील खूण, असे त्यातील रकाने. माणूस ओळखू यावा एवढ्यापुरताच तो कागद होता. परंतु आज चौथ्या-पाचव्या पिढीतील वंशज त्याच कागदावरून बिहारमधील आपले गाव शोधीत येतात. त्रिनिदादच्या पहिल्या महिला पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर, ज्या २०२५ मध्ये पुन्हा त्या पदावर आल्या, २०१२ मध्ये बक्सर जिल्ह्यातील भेलूपूर या आपल्या पूर्वजांच्या गावी जाऊन आल्या. करारबद्ध मजुरांच्या या दप्तराची नोंद युनेस्कोने २०११ मध्ये जागतिक स्मृतिसंचयात केली आहे. आपल्या घराण्यांतील सनदा आणि वंशावळी ज्या अभिमानाने पेट्यांतून जपल्या जातात, त्याहून या दाखल्याची योग्यता आम्हांस कमी वाटली नाही.

कराराची मुदत पाच वर्षांची असे. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले आणि माणूस ‘गिरमिटिया’. रोजी ठरलेली, पण परवान्यावाचून मळा सोडला की तो गुन्हा आणि त्यास तुरुंग. १८८४ मध्ये सरकारने मोहरमच्या मिरवणुकींना शहरात येण्यास मनाई केली. ती मोडून हिंदू-मुसलमान मजूर एकत्र सान फर्नांडोकडे निघाले असता पोलिसांनी गोळीबार केला व अनेक जण ठार झाले. ताबूत तेथे आजही निघतात. १८६९ पासून काही वर्षे परतीच्या जहाजप्रवासावरील हक्क सोडणाऱ्यास सरकारी जमीन देण्यात आली. मजुराचा शेतकरी झाला, आणि जो परत जाणार होता तो तेथला झाला. जमीन माणसाला कशी बांधून ठेवते हे आमच्या खात्यातील कोणासही समजावून सांगावे लागणार नाही.

ही पद्धत बंद पाडण्याच्या लढ्यात एक मराठी नाव अग्रभागी आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये नाताळसाठी होणारी मजूरभरती थांबविण्याचा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात मंजूर करून घेतला. मार्च १९१२ मध्ये त्यांनी गिरमिट पद्धतीच समूळ रद्द करावी असा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. गोखले १९१५ मध्ये निवर्तले. पुढील वर्षी पंडित मदनमोहन मालवीय यांनी तशाच आशयाचा ठराव आणला तेव्हा सरकारला तो स्वीकारावा लागला, आणि १९१७ मध्ये भरती थांबली. त्रिनिदाद गोखल्यांनी कधी पाहिले नव्हते.

मध्य त्रिनिदादमध्ये एका दिवसात तीन स्थळे पाहता येतात. चाग्वानास गावाच्या भर रस्त्यावर ‘लायन हाउस’ ही पांढरी वास्तू आहे. व्ही. एस. नायपॉल यांच्या मातामहांनी, कपिलदेव घराण्याने, ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बांधली. नायपॉल यांच्या कादंबरीतील ‘हनुमान हाउस’ ते हेच. तेथून जवळ कॅरापिचायमा येथे ८५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती आहे. ज्या केंद्राच्या आवारात ती आहे ते दत्तात्रेयाच्या नावाचे. म्हैसूरच्या दत्तपीठाशी ते संलग्न असून बांधणी दाक्षिणात्य आहे. तरी गाणगापूर आणि नरसोबाची वाडी करणाऱ्या घरातील माणसाचे हात तेथे आपोआप जोडले जातात.

तिसरे स्थळ म्हणजे वॉटर्लूचे समुद्रातील मंदिर. शिवदास साधू नावाच्या मजुराने १९४७ च्या सुमारास किनाऱ्यावर एक लहान देऊळ बांधले. जागा साखर कंपनीची होती. देऊळ पाडण्यास तो तयार होईना, तेव्हा त्याला तुरुंगात टाकण्यात आले आणि १९५२ मध्ये देऊळ जमीनदोस्त झाले. सुटून आल्यावर त्याने ठरविले की जमीन कंपनीची असेल, समुद्र कोणाचा नाही. सायकलवरून दगड आणि बादलीतून भराव नेत, लोकांच्या चेष्टेकडे लक्ष न देता, तो वर्षानुवर्षे पाण्यात भर टाकीत राहिला. (समुद्रतळ सरकारी मालकीचा असतो, असे आम्ही कार्यालयात बसून खचित लिहिले असते.) लाटांनी जीर्ण झालेले ते देऊळ १९९५ मध्ये, आगमनाच्या दीडशेव्या वर्षी, नव्याने बांधण्यात आले. आता एक बांधीव वाट तेथवर जाते.

या वाटेवर आम्हांस नेणारा मोटारचालक पन्नाशीचा होता. त्याच्या घरापुढे, इतर हिंदू घरांप्रमाणे, बांबूंवर रंगीत झेंडे फडकत होते. त्याला हिंदी किंवा भोजपुरी बोलता येत नव्हती. बोलणे सर्व इंग्रजीत. बोलता बोलता तो आपल्या ‘आजी’विषयी सांगू लागला, आणि सौ. एकदम सावरून बसली. ‘आजी’ म्हणजे वडिलांची आई की आईची, असे तिने विचारले. “वडिलांची, आंटी. आईची आई ती नानी,” तो म्हणाला. आमच्याकडे दोघींनाही आजीच म्हणतात, असे सौ.ने सांगितले तेव्हा त्याला मोठे नवल वाटले. हा शब्द त्यांच्याकडे भोजपुरीतून आला, आपल्याकडून नव्हे. पण सात समुद्रांपलीकडे तो कानी पडावा याचा आनंद झालाच. भोजनातही तसेच. रस्त्याकडेला मिळणारे ‘डबल्स’ म्हणजे दोन मऊ बाऱ्यांत घातलेले रसदार चणे. आणि दालपुरी ही पुरणपोळीची तिखटमिठाची बहीणच. रामायण, फगवा आणि दिवाळी टिकली. भाषा मात्र गेली. कॅनडाच्या मिशनऱ्यांनी १८६८ नंतर मजुरांच्या मुलांसाठी ज्या शाळा काढल्या त्यांत आरंभी हिंदी होती. पुढे इंग्रजीच शिक्षणाची व नोकरीची भाषा झाली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भोजपुरी म्हाताऱ्यांच्या तोंडीच उरली.

निसर्गदर्शनही राहून जाऊ नये. कॅरोनीच्या खारफुटीत संध्याकाळी होडीतून गेले असता लाल शराटी पक्ष्यांचे थवे रात्रीच्या वस्तीस येतात आणि हिरवे झाड पाहता पाहता लाल होते. दक्षिणेस ला ब्रेया येथे नैसर्गिक डांबराचा सुमारे १०० एकरांचा तलाव आहे. त्यावर चालता येते. वॉल्टर रॅले याने १५९५ मध्ये येथील डांबराने आपली जहाजे लिंपली होती. वाटेत लागणारी उसाची शेते आता ओसाड किंवा दुसऱ्या पिकांखाली आहेत; ज्या साखरेसाठी हे सर्व घडले त्या साखरेची सरकारी कंपनी २००३ मध्ये बंद झाली.

शेवटच्या दिवशी क्वीन्स पार्क ओव्हल पाहिले. मार्च १९७१ मध्ये याच मैदानावर अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळविला. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी त्यात ११२ धावा काढल्या आणि पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकरांनी ६५ व नाबाद ६७. त्याच मालिकेतील अखेरच्या सामन्यात गावसकरांनी येथेच १२४ आणि २२० धावा केल्या. इंदूर व वडोदऱ्याच्या दिवाणखान्यांतून रेडिओला कान लावून बसलेली मंडळी अनेकांस आठवत असतील.

आपले पूर्वज फौजेबरोबर, कारकुनीवर किंवा पौरोहित्यावर आले. त्यांना दरबारचा आश्रय होता, मराठी दप्तर होते, पुढे शाळा व वाचनालये झाली. गिरमिटियांना यांतील काहीच नव्हते. तरीही त्यांनी देव राखला, स्वयंपाक राखला, नाती राखली. जी राखावयास शाळा, छापखाना आणि कचेरी लागते ती भाषा तेवढी त्यांच्या हातून सुटली. त्यास त्यांचा दोष नाही. आपल्याकडे ही साधने होती, काही अजून आहेत. न्यू जर्सीतील आमची नातवंडे ‘आजी’ अशी गोड हाक मारतात आणि त्यापुढील सबंध वाक्य इंग्रजीत बोलतात. इंदुरातील घरांतही पुढचे वाक्य आता पुष्कळदा हिंदीत येते. हाक पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे त्रिनिदादने दाखविले आहे; तिच्यामागचे वाक्य आपोआप टिकत नाही, हेही दाखविले आहे. ते वाक्य घरात रोज बोलले जावे एवढे तरी आपल्या हाती अद्याप आहे.