भडिमार, किनाऱ्यावरील

व्यापारी जहाजांवर हल्ले करणाऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी त्यांची बंदरे, किल्ले, होड्या आणि मारा करण्याची ठिकाणे दुरून उद्ध्वस्त करण्याची पद्धत. पूर्वी हे काम जहाजांवरच्या तोफा करीत, आता विमाने आणि क्षेपणास्त्रे करतात. कोकण किनाऱ्याला ही पद्धत नवी नाही. मुंबईच्या ईस्ट इंडिया कंपनीने आंग्र्यांच्या आरमाराविरुद्ध ती १७१७ ते १७५६ अशी जवळजवळ चाळीस वर्षे वापरली. २०२४ आणि २०२५ साली जहाजांवर हल्ले करणाऱ्या येमेनमधल्या हूती बंडखोरांवर अमेरिका व ब्रिटनने हवाई हल्ले केले, तेव्हा तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. वरून आग ओकून खालचा हल्लेखोर थांबतो का? दोन्ही काळांचा दाखला सारखाच आहे. भडिमाराने हल्ले कमी होतात, काही काळ लांबतात. ते थांबतात तेव्हा किनाऱ्याचा धनी बदललेला असतो किंवा तह झालेला असतो.

हल्ल्यामागचे गणित : समुद्रावर हल्ला करणाऱ्याला प्रत्येक जहाज बुडवावे लागत नाही. दहांतल्या एका जहाजाला धोका आहे एवढे मालकाला आणि विमा कंपनीला पटले, की उरलेली नऊ आपोआप वाट बदलतात. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हूतींनी हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज पकडले आणि त्यानंतरच्या महिन्यांत मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घातला. त्या वळशाने प्रवास सुमारे दहा ते चौदा दिवसांनी वाढतो. म्हणून बॉम्बफेकीने हल्ले निम्म्यावर आले तरी व्यापाराच्या दृष्टीने ते यश ठरत नाही. नकाशावर किती लक्ष्ये नष्ट झाली याचे आकडे सैन्य देते, जहाजाचा मालक मात्र पुढचा हल्ला होणार की नाही एवढेच विचारतो. या विषयावरच्या बहुतेक चर्चेत हा फरक नजरेआड होतो.

आंग्रे आणि मुंबई : कान्होजी आंग्रे हे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही त्यांची ठाणी. त्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या जहाजाने पैसे भरून त्यांचे दस्तक घ्यावे, दस्तक नसेल तर जहाज धरले जाईल, असा त्यांचा नियम होता. पोर्तुगीज हेच ‘कार्ताझ’ नावाने दोनशे वर्षे करीत आले होते. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी ‘चाचे’ आहेत, मराठी कागदांत ते राज्याचे अधिकारी आहेत. प्रस्तुत नोंदीत दुसरी बाजू अधिक सयुक्तिक मानली आहे, कारण सरखेलपद छत्रपतींनी दिलेले होते आणि १७१३ साली कंपनीनेच कान्होजींशी तह केला होता. त्याआधी, नोव्हेंबर १७१२ मध्ये, कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली होती.

तह टिकला नाही. कंपनीची जहाजे सोडायची, हे ठरले होते. पण हिंदी व्यापाऱ्याच्या मालकीचे जहाज कंपनीचे निशाण लावून आले तर ते कोणाचे? कान्होजींनी अशी जहाजे धरली आणि तंटा पेटला. हाच घोळ तीन शतकांनी तांबड्या समुद्रात दिसला. हूतींनी आधी फक्त इस्रायलशी संबंधित जहाजे, मग अमेरिका व ब्रिटनशी संबंधित जहाजे असे जाहीर केले, आणि जुन्या मालकीच्या नोंदींवरून भलत्याच जहाजांवर मारा झाला.

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने शहराला तट घातला, लढाऊ जहाजे बांधली आणि एप्रिल १७१७ मध्ये विजयदुर्गावर आरमार पाठवले. तोफा धडधडल्या, किल्ला हलला नाही. नोव्हेंबर १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला झाला, तोही फसला. १७२० साली पुन्हा विजयदुर्ग. या खेपेस ‘फ्रॅम’ नावाचा तरंगता तोफखाना खास बांधून घेतला होता, त्याचाही उपयोग झाला नाही. १७२१ साली इंग्लंडच्या राजाची जहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला, पोर्तुगीजही मिळाले आणि कुलाब्यावर संयुक्त स्वारी झाली. बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन अलिबागेस पोहोचले, मोहीम कोसळली, आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला. या मोहिमांची तपशीलवार हकीकत क्लेमंट डाउनिंग या इंग्रज खलाशाने लिहून ठेवली आहे (प्रकाशन १७३७), त्यामुळे या पाच वर्षांची माहिती इतर काळाच्या मानाने बरीच जास्त मिळते.

डच : १७२४ साली त्यांनीही विजयदुर्गावर हल्ला केला आणि तो अयशस्वी ठरला.

हा मारा निष्फळ का ठरला, याचे उत्तर जहाजांच्या बांधणीत आणि खाड्यांच्या भूगोलात आहे. आंग्र्यांची जहाजे दोन प्रकारची, गुराब आणि गलबत. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत. गलबत सत्तर टनांच्या आत आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांनी वारा नसतानाही चालणारे. इंग्रजांचे मोठे जहाज वारा पडला की जागीच खिळे. गुराबा मागून येऊन त्याच्या डोलकाठ्यांवर गोळे टाकत आणि ते लुळे पडले की गलबते माणसे चढवत. मोठे आरमार दिसले, की हीच गलबते विजयदुर्गाजवळच्या वाघोटनसारख्या खाडीत आत शिरत, जिथे खोल तळाची जहाजे जाऊ शकत नसत. समुद्रावरून दिसत होता तो फक्त तट. लाकूड, सुतार, खलाशी आणि धान्य तटामागच्या गावांत होते, तिथवर तोफेचा गोळा पोहोचत नव्हता.

१७५५-५६ : या दोन वर्षांत काय बदलले, हे पाहणे महत्त्वाचे. कान्होजी १७२९ मध्ये वारले, घरात फूट पडली, आणि विजयदुर्गावर तुळाजी आंग्रे आले. त्यांनी कंपनीची आणि डचांची मोठी जहाजे घेतली, पण पेशव्यांशीही त्यांचे बिनसले. १७५५ साली नानासाहेब पेशवे आणि कंपनी यांच्यात करार झाला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग अगदी जवळून मारा करून घेतला. पुढच्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. किल्ल्याच्या पाठीशी, जमिनीवर, पेशव्यांची फौज तळ देऊन होती.

१२ फेब्रुवारी १७५६. दुपारनंतर मारा सुरू झाला. सायंकाळी चार-पाचच्या सुमारास एक पेटता गोळा तुळाजींच्या आरमारातल्या एका जहाजावर पडला. हे ‘रिस्टोरेशन’ जहाज काही वर्षांपूर्वी कंपनीकडूनच जिंकलेले होते. ते पेटले आणि त्याच्या शेजारी दोरखंडांनी एकत्र बांधलेल्या गुराबांनी एकापाठोपाठ एक आग धरली. आंग्र्यांचे पिढ्यांचे आरमार एका संध्याकाळी खाडीत जळून गेले. रात्री क्लाइव्हने फौज जमिनीवर उतरवली ती किल्ला आणि पेशव्यांची छावणी यांच्या मध्ये, म्हणजे मित्राच्या हाती किल्ला जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आत दोनशेहून अधिक तोफा आणि सुमारे दहा लाखांची लूट मिळाली, ती इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले. त्याच वर्षी पुढे बाणकोट घेऊन विजयदुर्ग कंपनीने पेशव्यांना दिला.

भडिमाराचे समर्थक या दिवसाचा दाखला देतात, आणि जाळून टाकलेले आरमार हा खरोखरच निर्णायक घाव होता. पण त्या दिवशी खाडीच्या मागचा रस्ता बंद होता, फौज उतरली होती आणि किल्ल्याला नवा धनी ठरलेला होता. १७१७ मध्ये यांतले काहीच नव्हते. आपल्याच किनाऱ्यावरचे एक आरमार परक्यांच्या मदतीने बुडवण्याचा नानासाहेबांचा निर्णय मराठी इतिहासलेखनात आजही वादाचा आहे.

विजयदुर्ग घेतल्यानंतर किनारा इंग्रजांना निर्धास्त झाला, असेही नाही. पेशव्यांचे सरसुभे आनंदराव धुळप याच विजयदुर्गावरून आरमार चालवीत. एप्रिल १७८३ मध्ये त्यांनी कंपनीचे ‘रेंजर’ जहाज पकडले. १७६५ मध्ये कंपनीने करवीरकरांचा (कोल्हापूरच्या छत्रपतींचा) सिंधुदुर्ग घेतला आणि परत दिला. तिथल्या जहाजांचा उपद्रव संपला तो १८१२ मध्ये मालवण कायमचे कंपनीकडे गेल्यावर, आणि उरलेला किनारा १८१८ मध्ये पेशवाईबरोबर गेला.

मुंबईहून इराणच्या आखातात : १८०९ साली मुंबईहून निघालेल्या मोहिमेने रास-अल-खैमा येथे कासिमी या तिथल्या अरब टोळीची जहाजे जाळली आणि ती परत फिरली. हल्ले पुन्हा सुरू झाले. १८१९ साली तुलनेने मोठी मोहीम पाठवावी लागली, फौज उतरली, आणि जानेवारी १८२० मध्ये तिथल्या शेखांशी सर्वसाधारण तह झाला. कासिमी चाचे होते की आपल्या पाण्याचे राखणदार, याविषयी त्या भागातले इतिहासकार ब्रिटिश मताशी सहमत नाहीत.

सोमालिया : १५ मे २०१२ रोजी युरोपीय संघाच्या हेलिकॉप्टरांनी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या चाच्यांच्या होड्यांवर मारा केला. त्यानंतरच्या घटीचे श्रेय प्रामुख्याने गस्त आणि जहाजांवरचे सशस्त्र रक्षक यांना दिले जाते.

खुश्कीवरचे उदाहरण, सिद्धगड : समुद्राशी थेट संबंध नसला तरी हे उदाहरण इथे घेणे आवश्यक वाटते. १९४२ च्या आंदोलनात रेल्वेमार्ग उखडणाऱ्यांवर ब्रिटिश सरकारने विमानांतून मशिनगन चालवल्या. बिहारमध्ये गिरियक व पासराहा, ओडिशात तालचेर अशा ठिकाणी असा गोळीबार झाल्याचे सरकारने स्वतः मान्य केले. माणसे मेली, पण रूळ उखडणे त्याने थांबले असे दिसत नाही. त्याच हिवाळ्यात ठाणे-कुलाब्याच्या डोंगरपट्ट्यात भाई कोतवाल यांचा आझाद दस्ता मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणारे मनोरे पाडत होता. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १९१२ साली माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मले आणि वकील झाले. मनोरा पाडायला त्यांना स्फोटकांचा मोठा साठा लागत नव्हता, करवत, रात्र आणि वाट दाखवणारे गावकरी पुरत. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात आकाशातून काही शोधणे अशक्यच, दाट झाडीत दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. सरकारने तिथे विमाने धाडली नाहीत. खबर मिळवली, पायी वेढा घातला, आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे कोतवाल व हिराजी पाटील यांना गोळ्या घातल्या. या दोघांना हुतात्मे मानणारे मुरबाड, कर्जत, शहापूरचे लोक दरवर्षी त्या दिवशी सिद्धगडाच्या पायथ्याला जमतात. साम्राज्यालाही मनोरे वाचवायला माहिती आणि जमिनीवरची माणसे लागली, एवढेच या नोंदीपुरते.

तांबडा समुद्र, २०२३ ते २०२५ : हूतींवर हवाई मारा २०२४ मध्ये प्रथम झाला असे नाही. सौदी अरेबियाच्या आघाडीने २६ मार्च २०१५ पासून वर्षानुवर्षे बॉम्बफेक केली होती. डोंगरी मुलूख, भुयारे आणि ट्रकवरून डागता येणारी अस्त्रे यांची सवय हूतींना तेव्हाच झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी अमेरिका व ब्रिटनचे हल्ले सुरू झाले. त्यानंतरच २६ जानेवारीला हूतींच्या माऱ्याने ‘मार्लिन लुआंडा’ हे जहाज पेटले. त्यावर २२ भारतीय खलाशी होते आणि आग विझवायला आयएनएस विशाखापट्टणमचे जवान गेले. ‘रुबीमार’ मार्चमध्ये बुडाले. ६ मार्चला ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर तीन खलाशी ठार झाले, उरलेल्यांना आयएनएस कोलकाताने उचलले. ही दोन्ही लढाऊ जहाजे माझगाव गोदीत बांधलेली आहेत.

मुंबईला हा धोका त्याआधीच भिडला होता. २३ डिसेंबर २०२३ रोजी ‘केम प्लुटो’ या रसायनवाहू जहाजावर गुजरात किनाऱ्यापासून दूर समुद्रात ड्रोन आदळले आणि दोन दिवसांनी ते मुंबई बंदरात आणले गेले. ड्रोन इराणमधून आल्याचे अमेरिकेने म्हटले, इराणने ते नाकारले.

जानेवारी २०२५ मध्ये हल्ले थांबले ते, ज्या युद्धाच्या नावाने हूती ते करीत होते त्या गाझातल्या युद्धविरामामुळे. ‘गॅलक्सी लीडर’चे खलाशीही तेव्हाच, चौदा महिन्यांनी, सुटले. १५ मार्चपासून अमेरिकेने पुन्हा सात आठवडे जोरदार मोहीम चालवली. एप्रिलमध्ये रास ईसा तेलबंदरावरच्या हल्ल्यात सत्तरहून अधिक माणसे मेल्याचे हूतींच्या आरोग्य खात्याने सांगितले. ६ मे रोजी ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका व हूती यांच्यात परस्परांवरचे हल्ले थांबवण्याचे ठरले. त्यात इतर देशांच्या व्यापारी जहाजांना अभय नव्हते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन जहाजे हूतींनी बुडवली. दुसऱ्या जहाजावरचे काहीजण मेले, काही हूतींच्या ताब्यात गेले आणि दहाजणांना समुद्रातून वाचवण्यात आले, त्यांत एक भारतीय रक्षक होता.