आधी पिवळा

मळवली स्टेशनावर तू उतरतोस तेव्हा पाऊस आडवा मारतोय. साल १९०४. लोहगड आणि विसापूर कमरेपर्यंत ढगात बुडालेत, रूळ सोडले की चिखल सुरू होतो आणि पुढच्या शेडमधून यंत्रांची धडधड ऐकू येते. त्या आवाजाच्या रोखाने चालत राहा.

दारातच वास येतो: जवसाचं तेल, टर्पेंटाइन, ओला दगड. हा रवी वर्म्यांचा छापखाना. १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पहिलं चित्र निघालं शकुंतलेच्या जन्माचं. पुढे प्लेगाच्या दिवसांत इथे, डोंगराच्या पायथ्याशी आला. आता तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन कारागिराच्या हातात आहे. इथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती गावोगावच्या देव्हाऱ्यांत जाऊन बसल्या. तुझ्या भोकरच्या घरातही पणजीच्या वेळची अशी एखादी तसबीर असेल, काच धुरकटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या.

छपाई तुला नवी नाही. भोकरच्या दुकानात दिवसभर तू फ्लेक्स करतोस: वाढदिवस, उद्घाटन, भावपूर्ण श्रद्धांजली. रंगांची फोड संगणक करतो, ती कशी होते हे बघायची वेळ तुझ्यावर कधी येत नाही. इथे फोड करणारा माणूस खिडकीपाशी मान खाली घालून बसलाय. त्याच्या शेजारी जाऊन बस.

समोरची शिळा बव्हेरियातल्या सोल्नहोफेनची. फिकट पिवळसर चुनखडी, हात फिरवावा इतकी गुळगुळीत. तुझा हात पुढे जातोच.

"अहो, तिथं बोट नका लावू. बोटाचं तेल लागलं की छापात उमटतं."

बाजूला एक पोरगा दोन शिळा एकमेकींवर ठेवून मध्ये वाळू-पाणी घालून घासतोय. जुनं चित्र गेलं की दगड कोरा. कोऱ्या दगडावर चरबी घातलेल्या काळ्या कांडीने नाहीतर शाईने काढायचं, मग डिंकाचं पाणी फिरवायचं, त्यात नत्राम्लाचे मोजके थेंब. डिंक तुझ्या ओळखीचा आहे, बांधावरच्या बाभळीचा तू लहानपणी खरवडून तोंडात टाकलेला. इथे त्याचं काम वेगळं: कोरी जागा पाणी धरून ठेवते, रेघ तेल धरते. ओला स्पंज फिरवून वर शाईचा रूळ चालवला की शाई रेघेलाच चिकटते, बाकी दगड तिला जवळ करत नाही. सगळी शिळाछाप या तेलपाण्याच्या वैरावर उभी आहे.

एका चित्राला अशा दहा, पंधरा, कधी त्याहून जास्त शिळा. रंगागणिक एक. कारागीर टिंबं देतोय. दाट टिंबांनी सावली, विरळ टिंबांनी उजेड. शकुंतलेचा उजवा हात दगडावर डावा आहे. कोपऱ्यांत बारीक फुल्या, कागद दर खेपेला त्यांवरच बसला पाहिजे. केसभर सरकला तर ओठांची लाली गालावर येते आणि तो ताव वाया.

"आधी पिवळा," तो म्हणतो. "मग अंगकांतीचा गुलाबी, मग लाल, निळा. गडद सगळ्यात शेवटी. पिवळा चुकला तर वरचं काही सावरत नाही."

"पण पिवळा कुठं आहे हे कळतं कसं? मूळ चित्रात तर सगळे रंग मिसळलेत."

तो उठून तुला दाराबाहेर नेतो. पाऊस थांबलाय. जवळच्या भाताच्या खाचरात ओला, चढा हिरवा. पलीकडच्या उतारावर तोच हिरवा निळसर झालेला. त्याच्या मागे विसापूरची कातळभिंत करडी. तिच्याही मागे आणखी एक कडा, आभाळाहून जेमतेम गडद. "त्या खाचरातनं निळा काढून टाका," तो सांगतो. "डोळ्यांनी. काय उरतं?" तू बघत राहतोस. हळूहळू खाचराखालचा पिवळा दिसू लागतो.

माझं मत विचारशील तर छापचित्राचं निम्मं शिक्षण इथे, या दाराबाहेर होतं. पडद्यावर सगळे रंग एकदम उजळतात, म्हणून ते सुटे करून बघायची सवय डोळ्याला लागत नाही. डोंगर मात्र ते थरांनी मांडून ठेवतो, आणि ते थर बघायला पायांनी तिथवर जावं लागतं.

याच छापखान्यासाठी फोटोवरून शिळेवर चित्र उतरवण्याचं काम त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनीही केलं. रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते १९०९ साली जर्मनीला गेले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा. सिनेमाचे दादासाहेब आपण सगळे जाणतो, छापखान्यातल्या फाळक्यांकडे मात्र फारसं कुणी वळून बघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणखी मागे चल, एक क्षणभरच. मुंबई, १८३१. गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यातलं शिळायंत्र पाहिलंय आणि आता घरचं लाकडी यंत्र जुळवलंय. कोणता दगड चालेल, शाई कशी बनेल, हे सगळं स्वतःच्या हाताने करून बघणं चाललंय. छापलेल्या पोथीच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं पोथीला शिवत नाहीत, तर गणपत कृष्णाजी शाईत तूप घालतात. त्या तुपाच्या शाईने मराठी पंचांग छापलं जातं. तिथून पुढे छापणं आपलं झालं.

आता भोकर. फाल्गुन. रविवारी दुकान बंद ठेवून तू सीताखांडीच्या घाटाकडे निघालास. सागाची पानं गळून गेलीत, बुंधे राखाडी उभे आहेत, गवत वाळून कोळ झालंय आणि मध्येच पळस पेटलेत. वही काढतोस. पळसाच्या केशरीतला लाल काढून टाक, डोळ्यांनी. गवतातला तपकिरी काढून टाक. दोन्हींखाली पिवळा एकच आहे.

शिळा तुला कुठे मिळणार? लिनोलियमचा, म्हणजे लिनोचा, तुकडा पुरे, एक व्ही धारेची पटाशी, एक रबरी रूळ आणि यंत्राऐवजी स्टीलच्या डावाची पाठ. एकाच लिनोवर रंगागणिक कोरत जायचं: आधी फक्त कागदाचा पांढरा ठेवायचा तेवढा भाग काढ आणि सगळ्या तावांवर पिवळा छापून घे. मग पिवळाच राहायला हवा तिथलं कोरून काढ आणि वर केशरी. कोरलेलं परत भरता येत नाही, म्हणून ताव सुरुवातीलाच जास्तीचे घे. फुल्यांवर बसवताना काही जाणारच. लिनो थंडीत ताठ होतं, कोरण्याआधी उन्हात ठेव. झाडाच्या फांद्या वहीत उजवीकडे असतील तर लिनोवर डावीकडे काढ.

पिवळे ताव दोरीला चिमट्यांनी टांगून झालेत. तेलाची शाई लगेच सुकत नाही, उद्या दुकान उघडायचंय, बारशाचा फ्लेक्स द्यायचाय. केशरी त्यानंतर. तोवर लिनोवर पळसाच्या पाकळ्यांची कड पेन्सिलीने पक्की करून ठेव आणि गवताची कुठली काडी पिवळीच ठेवायची ते आज ठरव.