विटांची रास आणि मुलांची चित्रे

इ. स. १९७६ च्या फेब्रुवारीत लंडनच्या टेट कलासंग्रहालयावर टीकेचे मोहोळ उठले. कार्ल आंद्रे या अमेरिकन शिल्पकाराने १९६६ साली योजिलेली एक कृती संग्रहालयाने १९७२ मध्ये विकत घेतली होती. भट्टीच्या १२० विटा दोन थरांत आयताकार मांडलेल्या, एवढीच ती कृती. ‘हे तर कोणतेही पोर करील, मग यावर जनतेचा पैसा कशाला?’ हा त्या गदारोळाचा मथितार्थ होता.

‘पोर करील’ हे शब्द निंदेचे मानावे काय, हा खरा प्रश्न आहे. फ्रान्झ चिझेक याने १८९७ साली व्हिएन्नात मुलांसाठी चित्रवर्ग काढला, तो त्यांना वळण लावण्याकरिता नव्हे, तर त्यांची स्वतंत्र दृष्टी जपण्याकरिता. पाउल क्ले याने १९११ पासून आपल्या कृतींची सूची लिहिली, तीत बालपणीची चित्रेही नोंदविली. आधुनिक कलेने मुलाला गुरुस्थानी बसविले, असे म्हणावयास हरकत नाही.

हेच कार्य इंग्लंडात दूरचित्रवाणीवर टोनी हार्ट यांनी अबोलपणे केले. १९२५ साली जन्मलेले हे गृहस्थ पहिल्या गुरखा पलटणीत अधिकारी होते. भारत स्वतंत्र झाल्यावर ते मायदेशी परतले व चित्रकार झाले. १९६४ पासून १९७६ पर्यंत चाललेला ‘व्हिजन ऑन’ हा बी. बी. सी.चा कार्यक्रम मुख्यतः बहिऱ्या मुलांसाठी होता. त्यामुळे तेथे शब्द थोडे आणि पाहणे अधिक. मुलांनी धाडलेली चित्रे त्यात संगीताच्या साथीने दाखवीत. ती परत मिळत नसत. दाखविलेल्या चित्रास मात्र बक्षीस असे. ज्या वर्षी विटांवर रण माजले, त्याच वर्षी हा कार्यक्रम संपला. पुढे १९७७ मध्ये ‘टेक हार्ट’ आला आणि त्यात पीटर लॉर्ड व डेव्हिड स्प्रॉक्स्टन यांनी घडविलेला ‘मॉर्फ’ हा मातीचा खोडकर बाहुला हार्ट यांचा सोबती झाला.

आधुनिक म्हणून जे जे मिरविले जाते ते सर्वच मोलाचे, असा आमचा दावा नाही. मूल सहज करते. कलावंत पुष्कळ नाकारून मग एक निवडतो. त्या निवडीची पारख झालीच पाहिजे. परंतु पाहण्यापूर्वीच निकाल देणे ही पारख नव्हे. निळा हत्ती रंगविणाऱ्या विद्यार्थ्याला आम्हीच एकदा रंग ‘सुधारावयास’ लावला होता. त्याने हत्ती राखाडी केला. नंतर मात्र आपण होऊन चित्र दाखवावयास तो कधी आला नाही.

हार्ट १८ जानेवारी २००९ रोजी निवर्तले. मार्चमध्ये त्यांच्या चाहत्यांनी मातीचे अनेक मॉर्फ घडवून टेट मॉडर्नच्या दाराबाहेर मांडून ठेविले. एके काळी पोरांच्या नावाने ज्या संस्थेची टवाळी झाली, तिच्याच अंगणात मोठी झालेली ती पोरे आपल्या गुरूस वंदन करावयास जमली होती. कलेचे मोल खरेदीच्या रकमेत किती आणि अशा कृतज्ञतेत किती, हे वाचकांनीच ठरवावे.