छावणी आणि काडतुसांचा हिशेब

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, खाम नदी ओलांडली की छावणी लागते. येथील ज्या थोड्या घरांत परवान्याची बंदूक आहे, त्यांपैकी आमचे एक. बारा बोअरची दुनळी. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून आमच्याकडे आलेली. हे आधीच सांगून टाकलेले बरे. बंदुकीच्या हिंसेची चर्चा निघाली की बंदूकवाल्यांचा आवाज सहसा दोनच सुरांत ऐकू येतो. एक स्वसंरक्षणाच्या हक्काचा आणि दुसरा मिशीला पीळ देण्याचा. आम्हाला तिसऱ्या सुरात बोलायचे आहे.

परवाना हा मुळात हिंसा कमी करण्यासाठी जन्मलाच नाही. जून १८५७ मध्ये याच छावणीत हैदराबाद कॉन्टिन्जंटच्या पहिल्या घोडदळात उठाव झाला. तो मोडायला जनरल वुडबर्नची फौज येथे आली आणि आपल्या कप्तानावर गोळी झाडणाऱ्या मीर फिदा अलीला फाशी देण्यात आली. ही धास्ती राज्यकर्त्यांच्या मनातून गेली नाही. लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला, युरोपियनांना मोकळीक दिली. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा, निजामाच्या मुलखाचा नव्हे. परंतु पुढे आम्हा मराठवाड्यातल्यांच्या हाती जो परवाना आला त्याचे कूळ तेथलेच. त्यात विचारलेला प्रश्न होता, ‘तू कोणाच्या बाजूचा?’ ‘बंदूक कुठे ठेवतोस? काडतुसे किती उरली?’ हे प्रश्न दुय्यम होते.

त्या प्रश्नाने साधले काय? अनंत कान्हेरे शिकायला याच औरंगाबादेत होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्याने कलेक्टर जॅक्सनवर ज्या ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, ते लंडनहून चोरून पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. कान्हेऱ्याचा हेतू आणि आजच्या गुंडाचा हेतू यांची तुलना करण्याचे आमच्या मनात नाही. मुद्दा एवढाच की राजनिष्ठा तपासणाऱ्या परवान्याला चोरवाट दिसत नाही.

१९५९ च्या कायद्याने भाषा बदलली. त्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची आणि संरक्षणासाठी वा खेळासाठी किमान वीस इंच नळीच्या गुळगुळीत बंदुकीची वेगळी दखल आहे. म्हणजे कायद्याने बंदुकीला काम नेमून दिले. रानडुकरांनी ज्वारी उद्ध्वस्त केलेला शेतकरी आणि कमरेला पिस्तूल खोचून लग्नाला येणारा कंत्राटदार हे एकाच जातीचे ‘परवानाधारक’ नव्हेत, हे त्या कलमाला कळले होते; कचेऱ्यांना ते कितपत कळले याची आम्हाला शंका आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाला, त्यानंतर शेजारच्या बीड जिल्ह्यातले शस्त्रपरवाने चव्हाट्यावर आले. एका जिल्ह्यात हजारावर परवाने, आणि हवेत बार काढणाऱ्यांची चित्रे घरोघर पाहिली गेली. मग अनेक परवाने रद्द झाले. परंतु ते देताना कोणती गरज पाहिली होती? २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड ठरवला आणि एका माणसाजवळच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. आमच्यासारख्यांनी या दुरुस्तीचे स्वागत करायला हवे होते. पुष्कळांनी कुरकुर केली.

कुरकुरीचे कारण ठरलेले असते: खून होतात ते बिनपरवाना कट्ट्यांनी, मग आम्हाला का छळता? पहिला भाग बव्हंशी खरा आहे. चोपडा तालुक्यालगत, मध्य प्रदेशाच्या हद्दीत असलेल्या उमर्टीचे नाव महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या तपासात वारंवार येते. तेथे घरोघरच्या भट्टीत पिस्तूल घडते. परंतु काडतूस हे भट्टीचे काम नव्हे. त्याला कारखाना लागतो. आमच्या दुनळीत खडकीच्या कारखान्याची काडतुसे चालत आली आहेत, आणि असे काडतूस परवाना दाखवूनच मिळते. कट्ट्यात भरलेले कारखान्याचे काडतूस कोणत्या ना कोणत्या कायदेशीर हातातून निसटलेले असण्याचा संभव मोठा. परवानाधारकाने झाडलेल्या प्रत्येक काडतुसाचे टरफल परत केल्याशिवाय नवे मिळू नये, असे आम्हाला वाटते. दुकानदाराच्या वहीत विक्री लिहिली जाते. खर्च कुठे झाला ते सांगायची पाळी आमच्यावर यायला हवी.

बंदुकीचेही तेच. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसरमध्ये एका माजी नगरसेवकाचा खून झाला. पिस्तूल परवान्याचे होते. परवाना मात्र मारेकऱ्याचा नव्हता, त्याच्या अंगरक्षकाचा होता. २०१६ च्या नियमांत सुरक्षित साठवणुकीचे आणि प्रशिक्षणाचे बंधन आहे. ते कागदावर राहते, कारण कपाट पाहायला कोणी येत नाही. आमच्या माहितीतल्या एका घरी बंदूक दिवाणखान्यात खुंटीवर टांगलेली असते, खाली आजोबांचा फोटो.

निवडणूक आली की परवानाधारकांना बोलावणे येते. जामिनावर सुटलेला, गुन्ह्यांची नोंद असलेला, पूर्वी दंगलीत सापडलेला अशांची छाननी समिती पाहणी करते आणि हत्यार जमा करून घेते. निकाल लागला, आठवडा उलटला, की पावती दाखवून बंदूक परत. त्या पावतीवर काडतुसांचा आकडा असतो. पाच वर्षांतून एकदा होणाऱ्या नूतनीकरणात तोच आकडा मागच्या आकड्याशी ताडून पाहायला कितीसा वेळ लागेल?